डावीकडे विस्तव, उजवीकडे बुरशी: पिल्लाच्या मिशांचं एक प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरातून नऊ आठवड्यांचं बोक्याचं पिल्लू तपासणीला आलं. देशी, तांबूस-पांढरं, वजन ७८० ग्रॅम. या वयाला ९०० च्या आसपास हवं, म्हणजे थोडं हलकंच. खाणं, खेळणं, शी-शू सगळं ठीक. तक्रार एवढीच की मिशा गेल्या. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीने जमिनीवर सापडलेल्या तीन मिशा काडेपेटीत घालून आणल्या होत्या. पुढे जे कळलं त्यातलं बरंचसं त्या काडेपेटीतून कळलं.

घरात तीन मतं होती. आजींच्या मते पिल्लू रात्री न्हाणीतल्या चुलीच्या ऊबदार राखेत जाऊन निजतं, तिथेच मिशा लासल्या. सुनेला शेजारच्या पोरांचा संशय होता: कात्री चालवली असणार. मुलगी सांगत होती की जोडीची तिरंगी बहीण त्याच्या मिशा चावते, आपण स्वतः पाहिलंय. तिन्ही गोष्टी पिल्लांच्या बाबतीत खरोखर घडतात. आजींचं मत तर बरोबरच निघालं, आणि घोटाळा तिथेच झाला. एक खरं कारण हाती लागलं की दुसरं शोधायला कोणी जात नाही. घरच्यांनी चुलीच्या तोंडाला पत्रा लावला आणि मिशा वाढायची वाट पाहत दहा दिवस काढले. डाव्या बाजूला नवीन काही तुटलं नाही. उजव्या बाजूला तुटतच राहिल्या.

मिशीची रचना

मांजराच्या वरच्या ओठावर दर बाजूला साधारण १२ मिशा चार ओळींत असतात. याशिवाय डोळ्यांच्या वर, गालांवर, हनुवटीवर आणि पुढच्या पायांच्या मागच्या अंगाला, मनगटाजवळही त्या असतात. तपासताना ही सगळी ठिकाणं पाहायची. फक्त ओठ पाहून निष्कर्ष काढला तर अर्धी माहिती हातची जाते.

मिशी साध्या केसापेक्षा दोन-तीन पट जाड असते आणि तिचं मूळ सुमारे तिप्पट खोल. मुळाभोवती रक्ताने भरलेली छोटी पिशवी असते आणि तिच्या भिंतीत मज्जातंतूंची दाटी. मिशीचं टोक जरा हललं तरी तो धक्का मुळाशी जाणवतो. बाहेर दिसणारी काडी मात्र निर्जीव केराटिनची. ती तुटली, कापली, जळली तरी त्या जागी वेदना नाही. मुळासकट उपटली तर खूप दुखतं आणि रक्तही येऊ शकतं. म्हणून तपासणीसाठी मिशी कधीच उपटायची नाही. नमुना हवा असेल तर शेजारचे तुटके साधे केस घ्यायचे, किंवा आपोआप गळून पडलेली मिशी.

गळणं स्वाभाविकही असतं. पिल्लू मिशांसकट जन्मतं आणि पुढे अधूनमधून एखाद-दुसरी मिशी पूर्ण गळते. तिच्या जाड टोकाला फिकट, किंचित फुगीर गाठ दिसते. ते मूळ. त्या जागी नवीन मिशी येते आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण लांबीला पोहोचते. एका वेळी एक-दोन गळाल्या तर काळजीचं कारण नाही. एका बाजूच्या निम्म्याहून जास्त गेल्या तर आहे.

टोकं वाचणं

तुटलेल्या मिशीचं टोक दहा पटींच्या भिंगाखाली पाहिलं की पुष्कळ प्रश्न तिथेच सुटतात. साधं, जवाहिऱ्याकडे असतं तसं भिंग पुरतं.

कात्रीने कापलेलं टोक सपाट असतं आणि शेजारच्या सगळ्या मिशा जवळपास एकाच रेषेत तुटलेल्या दिसतात. इथे तशी रेषा कुठेच नव्हती, तेव्हा शेजारची पोरं निर्दोष सुटली.

चावलेल्या मिशांची खुंटं लहान-मोठी असतात, टोकं दातांखाली चेचून झिरमिळलेली, आणि खालची कातडी स्वच्छ. भावंडं खेळात चावतात, आणि काही भाट्या (मांजरी) पिल्लांना चाटता-चाटता त्यांच्या मिशा कुरतडतात. ओळखायची खूण सोपी आहे: पूर्ण बिऱ्हाडात ज्याच्या मिशा शाबूत, तोच बहुधा चावणारा. इथे बहिणीच्या मिशा शाबूत होत्या, त्यामुळे मुलीचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण चावण्याने कातडीवर कोंडा येत नाही, आणि या पिल्लाच्या उजव्या ओठावर तो होता.

लासलेली मिशी टोकाशी वळते, टोकाला तपकिरी बारीक मणी तयार होतो आणि चिमटीत धरली की ती भुरभुरते. डाव्या ओठावरच्या पाच मिशा नेमक्या अशा होत्या. डाव्या डोळ्यावरच्या दोन मिशाही आखडलेल्या, आणि गालाच्या पांढऱ्या केसांची टोकं पिवळट. आच एकाच बाजूने लागली, हे उघड आहे: पिल्लू अंगाची गुंडाळी करून निजतं, एक गाल आत दबतो, एक बाहेर राहतो. पावसाळ्यात गोव्यातल्या कुठल्याही जुन्या घरात न्हाणीतलं भाण (आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं) तापवून झालं की मांजर राखेकडे वळतंच. वरून गार दिसणाऱ्या राखेखाली निखारा तासन्‌तास जिवंत असतो. लासलेल्या मिशा दिसल्या की लगेच तळपाय, नाकाचा शेंडा आणि डोळे पाहायचे. मिशा गेल्या तर परत येतात, डोळ्याच्या बुबुळावरची जखम मात्र घाईची बाब असते. इथे तळपाय आणि डोळे शाबूत होते.

उजवी बाजू वेगळीच होती. १२ पैकी सात मिशा कातडीपासून दोन ते सहा मिलिमीटरवर तुटलेल्या, एक मुळासकट गेलेली. वळलेलं टोक नाही, मणी नाही. खुंटांच्या बुडाशी राखाडी भुकटीसारखं काहीतरी चिकटलेलं, आणि मधल्या दोन ओळींत नखाएवढ्या जागेत केस विरळ होऊन कोंडा धरलेला. काडेपेटीतल्या तीनपैकी एक मिशी मूळगाठीसकट होती, स्वाभाविक गळालेली. उरलेल्या दोन जाड टोकाशी तुटलेल्या. तिथे गाठ नव्हती, धागे उसवल्यासारखे दिसत होते आणि तीच राखाडी भुकटी होती. मिशी जिथे सर्वांत जाड आणि मजबूत असते तिथेच ती तुटत असेल, तर बाहेरच्या धक्क्याऐवजी आतून पोखरणाऱ्या गोष्टीचा संशय घ्यायला हवा.

गजकर्णाचा संशय इथे आला. पिल्लांच्या चेहऱ्यावर, कानांवर आणि पुढच्या पायांवर तो सर्वांत आधी दिसतो, आणि मांजरांत त्याला बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी कारण असते. ती केसाच्या काडीत शिरते, केस ठिसूळ होतो आणि कातडीलगत तुटतो.

इतर शक्यता भराभर बाजूला पडल्या. खरजेचा किडा असता तर कानांच्या कडांवर आधी जाड खपली आली असती आणि पिल्लाने खाजवून जीव नकोसा केला असता. डासांच्या चाव्याची ॲलर्जी नाकाच्या दांड्यावर आणि कानांवर उठते, मिशांच्या गादीवर नाही. रेक्स जातीच्या मांजरांत मिशा उपजतच वाकड्या आणि ठिसूळ असतात. देशी पिल्लाला तो प्रश्न नाही. फणसाच्या दिवसांतली एक गोष्ट मात्र विचारून घेतली. चीक मिशांना लागतो, कोणीतरी ओढून काढतं आणि मिशा मुळासकट येतात. उंदरांच्या चिकट सापळ्यानेही हेच होतं. दोन्हींवर खोबरेल तेल चोळून हळूहळू सोडवायचं, रॉकेल किंवा थिनर कधीच नाही. या घरात तसं काही झालं नव्हतं.

दिवा आणि टूथब्रश

गजकर्ण शोधायचा अतिनील दिवा, म्हणजे वुड्स लॅम्प, ३६५ नॅनोमीटरचा हवा. नोटा तपासायला मिळणारे स्वस्त जांभळे टॉर्च बहुधा ३९५ च्या आसपासचे असतात आणि त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका असतो की बारीक चमक बुडून जाते. खोली पूर्ण अंधारी करायची, आपले डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि दिवा कातडीपासून दोन-चार सेंटिमीटरवर धरून सावकाश फिरवायचा. पाहायचं ते केसाच्या काडीवरचं हिरव्या सफरचंदासारखं तेज. कोंडा, साबण, मलम, कपड्यांचे धागे हेही चमकतात, पण निळसर-पांढरे आणि काडीच्या बाहेर.

पिल्लाच्या उजव्या ओठावर चार खुंटं बुडापासून हिरवी चमकली. डावीकडच्या लासलेल्या मिशा काळ्याच राहिल्या. उजव्या पुढच्या पायाच्या मनगटाजवळचे काही केसही चमकले. त्याच पंजाने ते तोंड पुसत होतं. बहीण वरून निरोगी दिसत होती, तरी तिच्या कानाच्या कडेला दोन केस हिरवे निघाले.

चमकणारे साधे केस चिमट्याने केस उगवतो त्या दिशेने ओढून काचेवर मिनरल ऑइलच्या थेंबात ठेवले. सूक्ष्मदर्शकात आधी चारच्या, मग दहाच्या भिंगाखाली पाहिले. रोगट केस शेजारच्या निरोगी केसापेक्षा फुगलेला, फिकट आणि कडा विस्कटलेला दिसतो. एवढ्यावर उपचार सुरू करता येतात. पण बरं झालं की नाही हे पुढे ठरवायला कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी ताटलीतल्या पोषक माध्यमावर वाढवून पाहणं, लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी नवीन, पाकीटबंद टूथब्रशने प्रत्येकाचं अंग दोन-तीन मिनिटं विंचरून नमुने घेतले. दर मांजराला वेगळा ब्रश. संशयाची जागा शेवटी विंचरायची, म्हणजे बुरशी उरलेल्या अंगावर पसरत नाही.

पावसाळ्यात कल्चरच्या ताटलीने फसवणं नेहमीचं. चौथ्या दिवशी ताटलीत हिरवट ठिपका आला आणि नंतर भोवतीचं माध्यम लालसर होऊ लागलं. ही घरातली साधी बुरशी. गजकर्णाची बुरशी पांढरी ते फिकट पिवळी, कापसासारखी असते, कधीच हिरवी-काळी नसते, आणि माध्यम लाल होणं तिच्या वाढीबरोबरच सुरू होतं. नवव्या दिवशी तशी वसाहत उमटली. चिकटपट्टीने उचलून पाहिल्यावर चातीच्या आकाराचे, जाड भिंतीचे, सहाहून जास्त कप्प्यांचे बीजाणू दिसले. निदान पक्कं झालं. ताटली नकारात्मक ठरवायला मात्र १४ ते २१ दिवस थांबावं लागतं.

घरातली बाकीची माणसं

तपासणी चालू असताना मुलीच्या हातावर नजर गेली. ज्या हातावर ती पिल्लू घेऊन फिरते त्याच्या आतल्या बाजूला दोन गोल चट्टे. दोन आठवडे त्यांवर औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावणं चालू होतं. नळीवर तीन औषधं लिहिलेली: बुरशीचं, जंतूंचं आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे जबरदस्त स्टिरॉइड. खाज दोन दिवसांत थांबते, लाली ओसरते, चट्ट्याची कड पुसट होते आणि बुरशी खालून पसरत राहते. हेच मलम तीन दिवस पिल्लाच्या ओठालाही लावलं होतं. पिल्लू ते चाटून पोटात घेतं, आणि त्या वजनाला स्टिरॉइडचा थेंबही जास्त होतो. पिल्लाच्या ओठावर ठसठशीत वर्तुळ न दिसता नुसता कोंडा का दिसत होता, याचं एक कारण हे मलम असणार. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि मलम दोघांचंही बंद.

आजींनी खोबरेल तेलात कापूर विरघळवून ठेवला होता, तो लावायचा बाकी होता. माणसाच्या खाजेवर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मांजराला मात्र कापूर विषारी आहे. टी ट्री तेल, फिनाइल, फिनॉल असलेली जंतुनाशकं, कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन, सगळी याच यादीत. मांजराचं यकृत असली रसायनं नीट फोडू शकत नाही, आणि अंगाला लावलेलं सगळं ते चाटतंच. “आजी, तेल लावायचं तर नुसतं खोबरेल लावा, कापराचं नको,” एवढं सांगितल्यावर त्यांनी ऐकलं.

निरोगी मांजराचं गजकर्ण औषधाशिवायही ६० ते १०० दिवसांत बरं होऊ शकतं. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुनेने विचारला आणि तो रास्त होता. उत्तर मुलीच्या हातावर होतं. तेवढ्या दिवसांत ते पिल्लू घरभर केस आणि बीजाणू पेरत फिरतं. घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस असताना वाट पाहणं परवडत नाही.

उपचार

पोटातून इट्राकोनाझोल, किलोला ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. सात दिवस द्यायचं, सात दिवस थांबायचं, असे तीन फेरे. म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवा आठवडा. ७८० ग्रॅमला ३.९ मिलिग्रॅम होतात, म्हणजे एका मिलीलिटरला १० मिलिग्रॅम ताकदीच्या द्रावणाचे ०.३९ मिली. सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजनेच हे मोजता येतं, चमच्याने नाही. माणसांची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून ‘अंदाजाने चिमूटभर’ देणं धोक्याचं आहे: त्या एका कॅप्सूलमध्ये या पिल्लाचे २५ डोस आहेत, आणि आतले दाणे सारखे वाटून घेता येत नाहीत. प्रत्येक फेऱ्याआधी वजन करायचं. तिसऱ्या आठवड्यात ते ९६० ग्रॅम भरलं, डोस ०.४८ मिली, पाचव्यात १,१४० ग्रॅम, डोस ०.५७ मिली. भूक गेली, उलट्या झाल्या किंवा डोळे-हिरड्या पिवळट दिसल्या तर औषध थांबवून लगेच दाखवायचं. हे डोस आणि फेरे या एका पिल्लाचे आहेत. दुसऱ्या पिल्लासाठी ते त्याच्या पशुवैद्यानेच ठरवायचे.

नुसत्या पोटातल्या औषधाने अंगावरचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून जोडीला आंघोळ. २ टक्के मायकोनाझोल आणि २ टक्के क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू, आठवड्यातून दोनदा, अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं. एवढं लहान पिल्लू भर पावसात भिजवायचं म्हणजे गारठ्याची भीती खरी. म्हणून वेळ दुपारची, पाणी कोमट, आंघोळ एकाने घालायची, दुसऱ्याने टॉवेल तापवून तयार ठेवायचा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय पिल्लाला जमिनीवर सोडायचं नाही. चेहऱ्याला शॅम्पू लावायचा नाही, कारण क्लोरहेक्सिडीन डोळ्यात गेलं तर बुबुळाला जखम होते. ओठावर स्टिरॉइड नसलेलं मायकोनाझोलचं साधं मलम, तांदळाच्या दाण्याएवढं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या ताटलीपुढे बसवण्याच्या क्षणी. खाण्यात दहा मिनिटं गुंतलं की तेवढ्यात मलम जिरतं.

केस कापायचा मोह आवरायचा. लहान केसांच्या पिल्लाला त्याची गरज नसते. मशिनने कातडीला बारीक ओरखडे येतात आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते. मिशांची उरलेली खुंटं तर ‘सारखी दिसावीत’ म्हणूनही छाटायची नाहीत.

वजन कमी होतं त्याचं कारण ताटलीत होतं: भात जास्त, त्यावर माशाचं काट-डोकं. जंताचं औषध दिलं, भात कमी करून उकडलेली, काटे काढलेली मासळी, चिकन आणि पिल्लांचं तयार खाद्य दिवसातून चार वेळा सुरू केलं. कच्ची मासळी रोज नको. काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, आणि शिजवल्यावर तो निकामी होतो. खाणं सुधारल्याने बुरशी जात नाही, पण नवीन केस उगवायला प्रथिनं लागतातच.

मिशा नसलेल्या पिल्लाबद्दल आणखी एक सांगावं लागतं. नाकापुढच्या साधारण वीतभर अंतरातलं मांजराला नीट दिसत नाही, तिथे मिशा काम करतात. हे पिल्लू उजवा गाल दाराच्या चौकटीला घासत होतं आणि अंधारात उडी मारायला कचरत होतं. दोन महिने त्याला रात्री बाहेर आणि विहिरीच्या कठड्याकडे जाऊ द्यायचं नाही, खाणं उथळ ताटलीत, आणि खोलीतल्या वस्तू रोज हलवायच्या नाहीत.

घर साफ करताना

सर्वांत कठीण भाग हाच, आणि तो घरापरत्वे बदलतो. पिल्लं पडवीत राहत होती. तिथली जमीन शेणाने सारवलेली, आणि सारवलेल्या जमिनीचं निर्जंतुकीकरण होत नाही: सेंद्रिय पदार्थाला लागताच ब्लीचची ताकद संपते. म्हणून दोन्ही पिल्लं सिमेंटच्या जमिनीच्या छोट्या कोठीत हलवली. एकत्रच ठेवली, कारण दोघांवरही उपचार होते, आणि या वयात पिल्लाला एकटं कोंडलं तर ते बुजरं होऊ शकतं.

कोठीत केरसुणी बंद. कोरड्या झाडण्याने केस हवेत उडतात. ओल्या फडक्याने केस गोळा करून फडकं पिशवीत बांधायचं, मग साबणाच्या पाण्याने जमीन घासायची, मगच ब्लीच. साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं घरगुती ब्लीच एक लिटर पाण्यात ३० मिली, जमीन दहा मिनिटं ओली राहील इतकं, मग साध्या पाण्याने पुसून, पूर्ण सुकल्यावर पिल्लं आत. हे द्रावण दर वेळी नवीन करायचं. त्यात फिनाइल किंवा न्हाणीघर घासायचं ॲसिड मिसळायचं नाही; ॲसिडबरोबर क्लोरीन वायू निघतो. तांबड्या कोब्यावर ब्लीचचे डाग पडतात, तेव्हा आधी कोपऱ्यात थोडं लावून पाहावं. आठवड्यातून दोनदा हे सगळं, आणि मधल्या दिवसांत नुसतं ओलं पुसणं. घासणं आणि केस उचलणं हे खरं काम. ब्लीच उरलंसुरलं संपवतं.

कपड्यांना ब्लीच लागत नाही. टॉवेल आणि फडकी वेगळी करून, मशिन गच्च न भरता, दोन वेळा धुवायची. बीजाणू पाण्याबरोबर वाहून जातात, त्यामुळे श्रावणात ऊन नाही म्हणून अडत नाही. जी गोधडी मशिनमध्ये मावत नाही ती कोठीतून बाहेर काढून प्लास्टिकमध्ये बांधून फेकून द्यायची.

कुठे अडलं

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिव्याखाली छान चित्र दिसलं. काही केसांची टोकं अजून हिरवी होती, पण बुडं काळी. याचा अर्थ नवीन उगवणारा भाग निरोगी आहे आणि टोकावर जुनं रंगद्रव्य उरलंय. औषध लागू पडल्याची ही चांगली खूण. घरच्यांनी तिचा अर्थ ‘बरं झालं’ असा घेतला आणि चौथ्या आठवड्यात आंघोळी थांबल्या.

चौथ्या आठवड्याच्या कल्चरमध्ये बोक्याच्या वसाहती कमी झाल्या होत्या, बहिणीच्या वाढल्या होत्या. चौकशीत साखळी सापडली. बांधून फेकून द्यायची गोधडी पडवीतल्या बाकावरच पडून होती. भाटी, म्हणजे पिल्लांची आई, रोज तिन्हीसांजेला बाहेरून येऊन त्याच गोधडीवर बसायची. आणि मुलगी, पिल्लांना आईची आठवण येत असेल म्हणून, दोघांना अर्धा तास तिच्याजवळ नेऊन सोडायची. भाटीच्या अंगावर एकही चट्टा नव्हता, दिव्याखाली काही चमकलं नव्हतं. टूथब्रशचा नमुना घेतला आणि तो सकारात्मक आला. अंगावर लक्षण नसलेलं मांजर असं बुरशी वाहू शकतं, आणि मोकळ्या फिरणाऱ्या भाटीला ती पुन्हा-पुन्हा लागू शकते. पहिल्या दिवशी भाटीचाही नमुना घेतला असता तर दोन-तीन आठवडे वाचले असते. ती सापडली नव्हती म्हणून तो राहिला.

गोधडी टाकून दिली. पिल्लं तेव्हा तेरा आठवड्यांची होती, दूध केव्हाच सुटलेलं, तेव्हा भेटी थांबवल्याने त्यांचं काही बिघडलं नाही. आंघोळी पुन्हा सुरू झाल्या, बहिणीच्या औषधाला एक फेरा वाढवला. बोक्याचं कल्चर सातव्या आणि नवव्या आठवड्यात नकारात्मक आलं, बहिणीचं नवव्या आणि अकराव्यात. लागोपाठ दोन नकारात्मक कल्चर आल्यावरच दोघांना घरभर मोकळं सोडलं. मुलीचे चट्टे तोवर त्वचारोगतज्ज्ञांच्या औषधाने गेले होते.

पाचव्या आठवड्यात उजव्या ओठावर नवीन मिशांची बारीक टोकं दिसू लागली होती. डावीकडच्या लासलेल्या मिशा आपल्या क्रमाने एक-एक गळून बदलत राहिल्या. बाराव्या आठवड्यात उजवीकडे १२ पैकी ११ मिशा होत्या, त्यातल्या तीन अजून आखूड. जी मिशी पहिल्याच तपासणीत मुळासकट गेलेली दिसली होती ती आली नाही. त्या जागी तांदळाएवढा गुळगुळीत डाग राहिला. तिथलं मूळ दाहात बुजलं असावं. चौकटीला गाल घासणं थांबलं.

भाटीला पकडायला पिंजरा लावावा लागला. तिला पोटातून त्याच औषधाचे तीन फेरे दिले, तेवढे दिवस न्हाणीशेजारच्या फरशीच्या खोलीत. आंघोळ तिने एकदाच घालू दिली. तिची नसबंदी ऑगस्टअखेर ठरली होती, ती दुसरं कल्चर नकारात्मक येईपर्यंत पुढे ढकलली, कारण शस्त्रक्रियेसाठी पोटावरचे केस काढले की ओरखडलेल्या कातडीत बुरशी रुजते, आणि त्याच टेबलावर त्या दिवशी दुसरी मांजरंही येतात.